‘डाग आहेत, काय मारू?’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, तोंडावर आली आहे. आठ-पंधरा दिवसांत निफाड-दिंडोरीकडच्या बागांत कात्र्या चालू होतील आणि आमचे द्राक्षवाल्यांचे व्हॉट्सॲप ग्रुपही जागे होतील. त्याआधी माझ्यासारख्या ॲडमिन मंडळींशी दोन शब्द बोलावेत म्हणून हे पत्र.

गेल्या ऑक्टोबरात पाऊस उघडेना. सासरे अंथरुणाला खिळल्यापासून बाग एकटीने पाहणाऱ्या एका ताईंनी ग्रुपवर पानाचा फोटो टाकला आणि विचारले, ‘डाग आहेत, काय मारू?’ फोटो वरच्या बाजूचा, तोही हललेला. दहा मिनिटांत हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. एकाने लिहिले, ‘मॅडम, घरातल्या माणसाला हाक मारा.’ त्याला अंगठे किती पडले ते सांगायची लाज वाटते. मी तेव्हा फवारणीच्या ब्लोअरवर होतो, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. रात्री पाहिले तेव्हा खाली एकच बारीक ओळ होती, ताई ग्रुपमधून बाहेर पडल्याची.

फोन केला. ‘दादा, पानाच्या मागून पांढरं आलंय,’ त्या म्हणाल्या. वर तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी बुरशी, म्हणजे डाऊनी रोग. भुरी हा दुसरा रोग असता तर राख शिंपडल्यासारखे दिसले असते. मला हे आता झोपेतही कळते, पण कळायला दोन हंगाम आणि एक अख्खा प्लॉट गेला होता. विचारू की नको, यात ताईंचे दोन दिवस आधीच गेले होते. डाऊनीला दोन दिवस फार होतात.

ग्रुप लहान होता तेव्हा असे होत नसे. २५६ माणसांची मर्यादा होती, बहुतेक एकमेकांच्या बांधावर जाऊन आलेले. थट्टा केली तरी संध्याकाळी चहाला भेट व्हायची. २०२२ मध्ये मर्यादा १०२४ वर गेली आणि आम्ही हौसेने दारे उघडली. आज साडेआठशे जण आहेत, निम्म्यांचे तोंड पाहिलेले नाही. त्यात औषधवाले वेगळेच. नवा माणूस आत येतो तेव्हा मागचे काही त्याला आपोआप दिसत नाही, आणि समोर चाललेले असते ‘दुसऱ्या डीपला जीए किती पीपीएम?’ त्याने काय समजावे?

जुन्यांचीही बाजू आहे, ती मी नाकारत नाही. २०१० मध्ये सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा, म्हणजे क्लोरमेक्वाटचा, अंश सापडला म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. ज्यांनी ते वर्ष भोगले, त्यांना ‘दुकानदाराने दिलंय, मारू का?’ वाचले की कपाळात जाते. शिवाय तोच प्रश्न दर हंगामात शंभर वेळा. माणूस आधी चिडतो, मग गप्प होतो.

आमचे अण्णा असेच गप्प झाले. पंचाहत्तरीचे गृहस्थ, टायपिंग येत नाही, म्हणून पाच-पाच मिनिटांचे आवाजी निरोप पाठवायचे. निफाडचा पारा घसरला की पहाटे पाणी कधी सोडायचे, शेकोटी वाऱ्याच्या कोणत्या अंगाला करायची, मणी तडकायला लागले तर काय, सगळे त्यात. अधूनमधून नातवाचे लग्नही. पोरांनी कुरकुर केली आणि मीच नियम काढला, एका मिनिटाच्या वर आवाज नको. अण्णा भांडले नाहीत. पुढची थंडी आली तेव्हा लक्षात आले, की तीन महिन्यांत त्यांचा एकही निरोप नाही.

नियम मी मागे घेतला. आता कृषी पदवीचा एक मुलगा अण्णांचे बोलणे ऐकून चार ओळी तारखेसह टाईप करतो. लग्न गाळतो, यावर अण्णांची तक्रार आहे. नव्या माणसाला एकच निरोप जातो: वाण, छाटणीची तारीख, शेवटची फवारणी आणि पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो द्या. उत्तराची पाळी आठवड्याला एका जुन्या माणसाची, म्हणजे बाकीच्यांना चिडायला सुट्टी. हाक मारायला सांगणाऱ्या गृहस्थांना मी फोन केला. ते म्हणाले, गंमत होती. मग ताईंना तसे तुम्हीच कळवा, म्हटले. कळवले की नाही, ठाऊक नाही.

इतर ग्रुपवाल्यांनी छाटणीआधी आपल्याकडे मागच्या हंगामात कोण कोण बाहेर पडले, ती नावे एकदा काढावीत. मी काढली, एकवीस निघाली. नऊ जणांना फोन झाले, बाकीचे या आठवड्यात.

ताई परत आल्या आहेत. परवा काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून कोंब फुटतो तिथे, पेस्ट लावण्याबद्दल त्यांनी मला खासगीत विचारले. म्हटले, ग्रुपवर टाका, चार जणांना उपयोग होईल. ‘आधी तुम्ही सांगा दादा, मग टाकते,’ म्हणाल्या. अजून टाकलेले नाही.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक