घरून काम, इन्व्हर्टर कोणाचा?

महोदय,

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि पुण्यात आयटीत असलेला मुलगा दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी परतला. दीड वर्ष त्याने स्लॅबवर, टिनाखाली, रेंज सापडेल त्या कोपऱ्यात बसून काम केले. तेही विदर्भाच्या मे महिन्यात! लाईन गेली की धावपळ. मिटिंग रात्री अकरालाही. कंपनीची वीज आणि बसगाड्यांचा खर्च वाचला, इन्व्हर्टर मात्र आम्ही कापूस विकून घेतला. वरून पगारकपात. हो, बारावीनंतर पहिल्यांदाच तो पोळ्याला घरी होता, बैल त्यानेच सजवले. पण घरून काम करून घ्यायचे तर वीज-इंटरनेटचा भत्ता नेमणूकपत्रातच लिहून द्यावा.

– एक शेतकरी पालक, दारव्हा (जि. यवतमाळ)