वहिनीची रात्र हिशेबात धरायला लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

दादाच्या नुकसानभरपाईचा निकाल लागला. देखभालीचा खर्च धरला गेला, तोही आयुष्यभराचा. वकिलांचे आभार आम्ही मानलेच. पण दावा ज्या तक्त्याच्या जोरावर टिकला, तो तुम्ही करून घेतलात, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

परांचीवरून पडून दादाच्या छातीमागचा दहावा मणका फुटला, मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालचं अंग गेलं. भरपाई म्हणजे दवाखान्याचं बिल आणि बुडालेला पगार, एवढंच तेव्हा आम्हाला ठाऊक होतं. विमा कंपनीच्या पहिल्या प्रस्तावातही तेवढंच होतं. तुम्ही ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे जखमी माणसाला रोजची कामं घरात कशी जमतील ते बघणाऱ्या. दाराची रुंदी, संडास, पलंगाची उंची बघायला घरी आला होतात. निघता निघता वहिनीला विचारलंत, "रात्री किती वेळा उठता?" ती म्हणाली, "कधी मोजलं नाही." तुम्ही खांद्यावरची पिशवी खाली ठेवलीत आणि वहीत रकाने आखायला बसलात. वेळ, काम, कोणी केलं, किती मिनिटं.

दर दोन तासांनी कूस बदलणं. टाचा आणि माकडहाडाजवळची कातडी लाल झाली का ते बघणं, कारण तिथे एकदा जखम झाली की महिनोन्महिने भरत नाही. चार ते सहा तासांनी कॅथेटर, म्हणजे नळी घालून लघवी काढणं. सकाळी पोट साफ होण्यात जाणारा वेळ. भिजलेल्या चादरी लिहायला वहिनी संकोचली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "लिहा. नाही लिहिलंत, तर समोरचा वकील म्हणेल की असं काही होतच नाही."

झालंही तसंच. सुनावणीत त्यांचं म्हणणं, घरचीच माणसं करतात, त्याचे पैसे कसले? आमच्या वकिलांनी तक्ता पुढे केला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९२५ चा १७ क्रमांकाचा करार त्यांनी मला नंतर दाखवला. जखमी कामगाराला सतत दुसऱ्याची मदत लागत असेल, तर जादा भरपाई द्यावी, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. इतकी जुनी गोष्ट प्रत्येक कुटुंबाला नव्याने भांडून मिळवावी लागते, याचा मला अजून संताप येतो.

"हात तर शाबूत आहेत," हा समोरच्या वकिलाचा दुसरा मुद्दा. तुमच्या अहवालात त्याचं उत्तर आधीच होतं: व्हीलचेअर ढकलून आणि हातांवर अंग तोलून पलंगावरून खुर्चीत जाऊन खांदे झिजतात, म्हणून वयाबरोबर लागणारी मदत वाढतच जाते. खुर्ची, तिची गादी, हवेची गादी पुन्हा पुन्हा बदलावी लागणार, हेही तुम्ही धरलं होतंत.

आणखी एक उपकार. अपघातानंतर लगेच सहीसाठी कागद आला, तेव्हा तुम्ही थांबवलंत. मज्जारज्जू सुरुवातीला धक्क्यात असतो, किती संवेदना परत येईल ते काही आठवडे नीट कळत नाही, आणि अंतिम तडजोडीवर सही झाली की पुढे सहसा काही मागता येत नाही. "सही लांबवा, पण दाव्याची मुदत चुकवू नका," हे तुमचं वाक्य मी भेटेल त्या जखमी कामगाराच्या घरच्यांना सांगतो.

आता रात्रीसाठी पगारी मदतनीस येतो. वहिनीने शिवणकाम पुन्हा सुरू केलं आहे. दादा तुमच्या अहवालाची प्रत कपाटात नाही, उशाशी ठेवतो.

एक विचारायचं आहे. तो कोरा तक्ता मी वॉर्डातल्या दोन कुटुंबांना दिला आहे आणि आणखी लोक मागतात. त्यात कॅथेटरच्या संसर्गासाठी आणि तापाच्या दिवसांसाठी वेगळा रकाना असावा, असं वहिनीचं म्हणणं आहे. तुम्ही एकदा नजर घालाल का? मग तोच सगळ्यांना देऊ.

तुमचा,
दादाचा धाकटा भाऊ