डिपॉझिट कुठल्या स्कीममध्ये, म्हणे!

इंदूर, रविवार

प्रिय अभय,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी मनसोक्त हसलो. "घर बघशील तेव्हा डिपॉझिट कुठल्या स्कीममध्ये ठेवतात तेवढं विचारून ठेव." अरे बाबा, इंदुरात एकच स्कीम आहे, मालकाचं कपाट! मँचेस्टरचं पाणी तुला चांगलंच लागलेलं दिसतंय. तुमच्याकडे 2007 पासून डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावं लागतं, वाद झाला तर तिथला तटस्थ माणूस निवाडा करतो. 2019 च्या कायद्यानं तर घर सोडतानाची चेक-आऊट फी, सामानाच्या यादीची इन्व्हेंटरी फी असली एजंटांची कमाईही बंद केली आणि बहुतेकांचं डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यावर आणून ठेवलं. छानच आहे. पण तू येतोयस इकडे, तेव्हा इकडची तऱ्हा ऐकून घे.

आमचं मागचं घर तू पाहिलेलं नाहीस. पलासियाच्या मागच्या अंगाला, दुसरा मजला, भाडं 14,000, डिपॉझिट दोन महिन्यांचं. मालक आपल्यातलेच, निवृत्त, बोलायला गोड, गणपतीत आरतीला हटकून बोलवायचे. घर सोडायच्या दिवशी वर आले ते एका हातात टॉर्च आणि दुसऱ्यात पेन्सिल घेऊन. टॉर्च भिंतीला लावून तिरका धरायचा, खिळ्याचं भोक सापडलं की त्याभोवती गोल काढायचा. भोकामागे 50 रुपये. कपाट हलवलं तर मागे एक जाडजूड हूक निघाला, त्यावर आमच्या आधीच्या भाडेकरूचं कॅलेंडर अजून लटकत होतं. त्यालाही गोल! मी म्हटलं, "काका, हा आमचा नव्हे." तर म्हणाले, "पण तुम्ही काढलाही नाहीत ना." यावर काय बोलणार, कप्पाळ?

मग वहीच्या पानावर हिशेब आला. पुताई, म्हणजे भिंतींची रंगसफेदी, 9,000. गॅलरीत तुळशीच्या कुंडीचा डाग 400. सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला येऊन राहिल्या होत्या, त्यांचं "जादा माणूस, पाणी" 600. किल्ल्या सगळ्या परत दिल्या तरी "कुलूप बदलणे" होतंच. शुभा म्हणाली, आईनं पाणी प्यायलं ते ठीक, पण काकूंना रोज वाती वळून दिल्या त्याचे पैसे वजा करा. मी म्हटलं, माझ्या माणसाकडून पुताई करून देतो, चार-पाच हजारांत होईल. "नको, आमचा माणूस ठरलेला आहे." पुढे जुन्या पत्त्यावर आलेलं एक कुरियर घ्यायला गेलो, तेव्हा नवीन बिऱ्हाड लागलं होतं. भिंती त्याच, रंग तोच, पेन्सिलीचे गोलही जिथल्या तिथे. एका गोलात त्यांनी घड्याळ टांगलं होतं. त्यांच्याही हिशेबात ते भोक येणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

ही झाली जातानाची कापाकापी. राहतानाची वेगळी, आणि ती जास्त मुरलेली. सगळ्यात मोठं प्रकरण विजेचं. बऱ्याच घरांत कंपनीचं मीटर एकच असतं आणि मजल्या-मजल्यावर मालकानं लावलेली सबमीटरं. युनिटला 10 रुपये, कुठे 12. आता गंमत बघ. स्वतंत्र मीटर असेल आणि महिन्याचा वापर 150 युनिटांच्या आत असेल, तर राज्य सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेत पहिली 100 युनिटं 100 रुपयांत पडतात. तोच माणूस सबमीटरवर 120 युनिटं जाळतो आणि मुकाट 1,200 मोजतो. मालकाची बाजूही अगदीच खोटी नाही हं. तीन बिऱ्हाडांचा वापर एका बिलात गेला की सवलत जाते आणि दर वरच्या टप्प्यात चढतो. पण मग कंपनीचं मूळ बिल दाखवा म्हटलं की ते नेमकं सापडत नाही.

कचऱ्याचंही तसंच. 2017 पासून स्वच्छतेत आपला नंबर पहिला, निगमची गाडी रोज दारात, त्याचं शुल्क आहे. ते घरमालक एकदा भरतात आणि तिन्ही मजल्यांकडून तीनदा घेतात. शहर स्वच्छ, शिवाय वर चार पैसे.

आणि पॅनचं लक्षात ठेव. तुला आयकरात घरभाड्याची सूट घ्यायची असेल आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं तर ऑफिस मालकाचा पॅन नंबर मागतं. तो मागितला की "मग महिना हजार जास्त" असं तोंडावर सांगणारे भेटले आहेत मला.

तू विचारशील, कायदा काय करतो? मध्य प्रदेशचा 1961 चा स्थान नियंत्रण अधिनियम आहे. पगडी घेता येत नाही, भाडेकरूचं पाणी-वीज तोडता येत नाही, असं त्यात आहे. 2021 मध्ये केंद्रानं नमुना कायदा काढला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं, भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग मालकाकडे, नळाचे वॉशर आणि बटणं भाडेकरूकडे, अशी स्वच्छ वाटणी केली आहे. पण नमुना तो नमुना. राज्यानं आपला कायदा केला तरच लागू. व्यवहार चालतो तो 11 महिन्यांच्या किरायानाम्यावर, म्हणजे भाडेकरारावर, कारण वर्षावरचा करार झाला की रजिस्ट्री करावी लागते. अडकलेलं डिपॉझिट वसूल करायला दिवाणी दावा लावता येतो, तीन वर्षांची मुदत असते. पण बारा हजारांसाठी वकील कोण करणार? मालकांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून कापलेली रक्कम नेहमी वकिलाच्या फीच्या आतच बसते.

मला खरा राग येतो तो मात्र "आपला माणूस" या प्रकाराचा. तू मराठी, तो मराठी, त्याच्या मावसभावाला तुझे बाबा ओळखत होते. किरायानाम्यात दोन ओळी जास्त लिहा म्हटलं की चेहरा पडतो. "आपल्यात लिखापढी कशाला, भाऊ?" मग आपणही संकोचतो. परक्याशी करार करताना आपण मीटरचा फोटो काढतो आणि आपल्या माणसाकडे चहा पिऊन येतो. जाताना तोच माणूस टॉर्च घेऊन येतो. म्हणून आमच्या आत्ताच्या घरात मी सामान चढवायच्या आधीच प्रत्येक भिंतीचा, नळाचा, फ्लशचा व्हिडिओ काढला आणि मालकांच्या व्हॉट्सॲपवर तिथल्या तिथे पाठवला. डिपॉझिट बँकेतून दिलं, रोख नाही. थोडे रुसले. रुसोत.

तुझ्यासाठी दोन घरं पाहून ठेवली आहेत. लोकमान्य नगरात तळमजला आहे, 16,000, दोन महिन्यांचं डिपॉझिट, मीटर वेगळं, बोरिंग आहे आणि नर्मदेचं पाणीही येतं. मालकीणबाई कडक आहेत, पण स्वतःहून म्हणाल्या, "काय कापणार ते आधीच लिहून देते." मला तर तिथेच पटलं. दुसरं सुदामा नगरात, 13,000, ऐसपैस गच्ची, पण सबमीटर, आणि मालकांनी पहिल्याच भेटीत तुझ्या मामांची ओळख काढली. स्वस्त आहे म्हणून वहिनींना आवडेल, तू मोहात पडू नकोस.

लोकमान्य नगरच्या बाईंना पुढच्या शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. त्यांना टोकन म्हणून 5,000 हवेत, ते मी भरतो, पावती तुझ्या नावानं घेतो. किरायानाम्याचा मसुदा मीच करतोय. सामान्य वापरानं होणारी झीज मालकाची, पुताई मालकाची, पाहुण्यांचे पैसे नाहीत, एवढं घातलं आहे. देवघर आणि घड्याळ धरून भिंतीला किती खिळे लागतील ते वहिनींना विचारून कळव, म्हणजे आकडाच टाकून देतो.

तुझा,
मंदार