नवा पंखा घेण्याआधी

टँपा, फ्लोरिडा

चि. प्रशांत,
अनेक आशीर्वाद.

इंजिनाचा आवाज चढतो, पण पोंटून (दोन पोकळ नळ्यांवर तरंगणारी तुझी बोट) पुढे सरकत नाही, म्हणून मोटरचा नवा पंखा घ्यायचा म्हणतोस. जरा थांब. या लक्षणाची मुख्य कारणं दोन, आणि पंख्याचा दोष त्यातल्या एकातच असतो.

एक म्हणजे बुश सुटणं. पंख्याच्या मध्ये रबराचा बुश दाबून बसवलेला असतो. दगड लागला तर गिअर वाचावेत म्हणून तो घसरतो. एकदा सुटला की हळू चालवताना बोट बरी जाते, थ्रॉटल वाढवलं की शाफ्ट नुसताच फिरतो. शाफ्टच्या टोकावर आणि पंख्याच्या कडेवर एका रेषेत ऑइल पेंटच्या दोन खुणा कर. वाळल्यावर बोट जोरात फिरवून आण. खुणा सरकल्या तर बुश गेला. मग सावकाश जेट्टी गाठायची, जोर करायचा नाही.

दुसरं म्हणजे पंखा हवा ओढतो. मला हाच संशय आहे, कारण पाहुणे फ्लेमिंगो बघायला पुढच्या रेलिंगला जमले की होतं असं तूच म्हणालास. वजन पुढे गेलं की मागची बाजू उचलते, पंखा वर येतो आणि पाण्याऐवजी हवा कापतो. थ्रॉटल कमी केल्यावर त्याने पुन्हा पाणी धरलं तर निदान पक्कं. पाहुण्यांना मागे बसव, ट्रिम पूर्ण आत घे, म्हणजे मोटरचं खालचं टोक बोटीकडे ओढ. पंख्याच्या वर असलेली मोटरची आडवी प्लेट बोट धावतानाही पाण्याखाली हवी. उघडी पडत असेल तर मोटर ब्रॅकेटच्या एका भोकाने खाली घे. मोटरची उभी लांबी (तिलाही शाफ्टच म्हणतात) 15 इंची असेल तर पोंटूनला बहुधा अपुरीच पडते, 20 इंची लागते. दोन्ही नळ्यांत पाणी शिरलंय का तेही बघ.

काहीही निघो, पंखा एकदा उतरवच. आपल्या खाडीत जाळ्याचा नायलॉन दोरा पंख्यामागे गुंडाळला जातो आणि शाफ्टचं सील कापतो. आधी किल्ली काढ, गिअर न्यूट्रलला, प्लगच्या वायरी सोडव. हे चुकवू नकोस, पंखा हाताने फिरवतानाही इंजिन लागू शकतं. पातं आणि वरची प्लेट यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकव, कॉटर पिन सरळ करून ओढ, नट सोडव. वॉशर निघतील त्या क्रमाने फडक्यावर मांड, फोटो काढ. पंख्यापुढचा थ्रस्ट वॉशर राहिला किंवा उलटा बसला तर पंखा गिअरकेसला घासतो. दोरा सापडला तर गिअर ऑइलही बघ: दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सील बदलल्याशिवाय बोट काढू नकोस. बसवताना स्प्लाइनला, म्हणजे शाफ्टवरच्या खाचांना, मरीन ग्रीस, आणि कॉटर पिन दर वेळी नवी, स्टेनलेसची.

बोट थरथरत असेल तर पातं वाकलंय. पात्यांच्या टोकांजवळ एक काडी स्थिर धर आणि पंखा हाताने फिरव. एखादं पातं काडीपासून जास्त लांब गेलं की कळतंच.

पिच शेवटी. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशेबाने जेवढा पुढे जाईल ते अंतर. पंख्यावर कोरलेल्या दोन आकड्यांपैकी पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. भरल्या बोटीत पूर्ण थ्रॉटलला आरपीएम पुस्तकात दिलेल्या मर्यादेपेक्षा कमी पडत असेल तर पिच कमी घ्यायचा; 1 इंचाने साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात. पण आधी पंख्यावरची कालवं खरवड, त्यांनीही आरपीएम पडतो.

ओहोटीला बेलापूरच्या चिखलात पंखा घालू नकोस, इंजिन थंड करणारं पाणी आत घेणारी जाळी बुजते. खुणांचा आणि कोरलेल्या आकड्यांचा फोटो पाठव, मग काय घ्यायचं ते ठरवू. आई-बाबांना नमस्कार.

तुझा,
दादा