टोळी निघण्याआधी

एल पासो, टेक्सास

ती. आई-बाबांना सा. न.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, आक्काच्या धाकट्याला टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यात, तरी तो यंदा कर्नाटकात ऊसतोडीला जाणारच आहे. मुकादमाची उचल घेतलीय म्हटल्यावर थांबणं त्याच्या हातात नाही. पण तेव्हापासून माझ्या डोक्यातून तो जात नाही, कारण इथे मी रोज अशीच माणसं बघते.

आमच्या गावाला लागून नदी आणि नदीपलीकडे मेक्सिकोतलं हुआरेझ. इकडे शेतात, बांधकामावर राबणारे कितीतरी जण काम संपलं की परततात, काहींना सरकार परत धाडतं. टीबीचा साधा कोर्स सहा महिन्यांचा आणि यांचा मुक्काम तेवढा टिकेल याचा भरवसा नाही. त्यात दोनेक महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस चढतं, माणूस म्हणतो झालो बरा. गोळ्या सुटतात त्या इथेच. मग उरलेले जंतू पुढे त्या औषधाला जुमानेनासे होऊ शकतात.

आमच्या दवाखान्यात एक प्रोमोतोरा आहे, आपली आशाताईच म्हण ना. तीही मजुराच्याच घरातली. मध्यंतरी ग्वातेमालाला निघालेल्या एकाला समोर बसवून तिने गोळ्यांच्या पट्ट्या मोजून दिल्या. लघवी केशरी होते ती या गोळीनेच, घाबरून सोडू नकोस. पण डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठ, असं बजावलं. मग फोन नंबर घेतले: त्याचा, बायकोचा, आईचा आणि गावातल्या दुकानदाराचा. मजुराचं सिम कधीही बदलतं, दुकानदार तिथेच असतो. पुढचं काम मायग्रंट क्लिनिशियन्स नेटवर्क या स्थलांतरितांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या संस्थेचं. १९९६ साली टीबीपासून त्यांनी हे सुरू केलं, आता कॅन्सर, मधुमेहाचे रुग्णही घेतात. रुग्ण जाईल तिथला दवाखाना शोधायचा, कागद पोचवायचे, त्याच्या भाषेत फोन करत राहायचं आणि कोर्स पुरा झाला की आम्हाला कळवायचं. दोन देशांच्या मधे माणूस हरवत नाही तो या फोनमुळे. यंत्रं, औषधं सगळं नंतर, असं माझं पक्कं मत झालंय.

आपल्याकडे तर देश एकच, गोळ्या त्याच आणि फुकट. निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद असेल तर ती कर्नाटकातल्या केंद्राकडे पाठवता येते. फक्त कोणीतरी मागे लागायला हवं. आई, तू आशाताईंना गाठ. त्याचा निक्षय नंबर कागदावर लिहून त्याच्या बायकोकडे दे, कोयता दोघांचा आहे, कोपीतही दोघं एकत्रच झोपणार. तिची आणि पोरांची तपासणी निघण्याआधीच होऊ दे. आहाराचे महिन्याला १००० रुपये मिळतात, ते त्याच्या खात्यावर येतात का तेही विचार. काही अडलं तर १८००-११-६६६६ वर फोन करायला सांग, पैसे पडत नाहीत.

बाबा, मुकादम तुमचा शब्द मोडत नाही. गोळ्या आणायला जाईल त्या दिवसाचा खाडा धरू नको, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या. टोळी कोणत्या कारखान्याला लागणार तेही विचारा आणि मला लगेच कळवा. जवळचं सरकारी आरोग्य केंद्र मी इथून शोधते.

तुमची,
माई