दिग्दर्शक कॅमेऱ्यासमोर गेल्यावर पाहणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिग्दर्शकाने स्वतःच्याच चित्रपटात भूमिका करावी का, या विषयावर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखाचा सगळा रोख अशा दिग्दर्शकांच्या मिरवण्याच्या हौसेवर होता, तो मला पटला नाही. आमच्या जिल्ह्यातील मानवत येथे नरबळींसाठी झालेल्या हत्याकांडावर बेतलेला ‘आक्रीत’ (१९८१) हा चित्रपट आम्हा परभणी जिल्ह्यातील लोकांना परका नाही. अमोल पालेकर यांचे दिग्दर्शनातील ते पदार्पण होते आणि त्यात त्यांनी भूमिकाही केली. ‘रजनीगंधा’पासून ‘गोलमाल’पर्यंत सालस, मध्यमवर्गीय नायक म्हणून प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या नटाने पहिल्याच दिग्दर्शनात स्वतःकडे खलभूमिका घेतली असेल, तर त्याला हौस कसे म्हणावे? नागराज मंजुळे यांनीही ‘फँड्री’त चंक्याची दुय्यम भूमिका केली आणि चित्रपटाचा भार एका नवख्या मुलावर सोपवला.

माझी शंका वेगळी आहे आणि ती कामाच्या पद्धतीविषयी आहे. दृश्य चालू असताना दिग्दर्शक हा त्याचा पहिला प्रेक्षक असतो. तोच दृश्यात उभा राहिला, तर ती जागा रिकामी होते. मॉनिटरवर चित्रण पुन्हा पाहता येते, हे खरे. अमेरिकन विनोदी नट-दिग्दर्शक जेरी लुईस यांनी ‘द बेलबॉय’ (१९६०) करताना कॅमेऱ्याच्या जोडीला दूरचित्रवाणीचा कॅमेरा लावला, तो स्वतःचे काम लगेच पाहता यावे म्हणूनच. परंतु मॉनिटरसमोर बसलेल्या नटाची नजर आधी स्वतःच्या चेहऱ्यावर जाते, आणि समोरच्या कलाकाराने एखादे वाक्य गिळले किंवा त्याची नजर क्षणभर सैरभैर झाली, तर ते निसटून जाते. उलट, संवाद म्हणता म्हणता तो सहकलाकाराचे काम तपासू लागला, तर त्याच्या डोळ्यांतले पात्र नाहीसे होऊन तिथे परीक्षक दिसू लागतो. यात सर्वाधिक नुकसान होते ते नवोदित सहकलाकाराचे, कारण ‘साहेब, तुमचेच वाक्य चुकले, पुन्हा घेऊ या’ असे म्हणण्याची त्याची प्राज्ञा नसते. (हौशी रंगभूमीवर दिग्दर्शक भूमिका करतो तेव्हा तालमीत त्याच्या जागी दुसऱ्याला उभे करून त्याला समोर बसून पाहता येते. चित्रीकरणात तेवढी उसंत क्वचितच मिळते.)

जोखीम निर्मात्यालाही असतेच. ‘दो आँखें बारह हाथ’च्या वेळी बैलाशी झुंजीच्या प्रसंगात व्ही. शांताराम यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. अशा वेळी नायक आणि दिग्दर्शक एकदमच अंथरुणाला खिळतात.

राजा परांजपे, महेश कोठारे, सचिन पिळगावकर यांनी ही दुहेरी कामगिरी वर्षानुवर्षे केली, हे मला मान्य आहे. लातूरचे रितेश देशमुख यांनीही ‘वेड’मध्ये ती केली, मात्र तोवर २००३ पासून ते कॅमेऱ्यासमोर वावरत होते. आमच्याकडे लघुपट करणारी मुले बहुधा नट परवडत नाही म्हणून स्वतः उभी राहतात. त्यांना मनाई करण्यात अर्थ नाही. मात्र आपण दृश्यात असू तेवढा वेळ ‘कट’ म्हणण्याचा आणि ‘पुन्हा’ सांगण्याचा अधिकार त्यांनी चित्रीकरणापूर्वीच, सगळ्यांसमक्ष, एका सहदिग्दर्शकाला द्यावा आणि तो पाळावा. स्वतःच्या दृश्यांची पहिली जुळणीही संकलकाला एकट्याला करू द्यावी, कारण स्वतःच्या आवडत्या शॉटला कात्री लावणे भल्याभल्यांना जमत नाही.

आपल्या समीक्षकांनाही एक विनंती आहे. अशा चित्रपटाच्या परीक्षणात दिग्दर्शकाच्या अभिनयाला दोन ओळी द्याव्यात, पण त्याच्यासोबत दृश्यात असलेल्या इतर कलाकारांची कामे कशी उतरली आहेत, तेही आवर्जून लिहावे.

आपला,
एक हौशी नाट्यदिग्दर्शक, परभणी