फेस्ताला वेळ आहे, कुटबणला?

महोदय,

फादर स्टॅन स्वामी झारखंडच्या आदिवासींच्या बाजूने उभे राहिले आणि ५ जुलै २०२१ रोजी, ८४व्या वर्षी, न्यायालयीन कोठडीत असतानाच रुग्णालयात वारले. कंपवातामुळे पेला धरवत नसे; पाणी प्यायला नळी आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. केरळात १९८४ साली गरीब मच्छीमारांसाठी पाद्री, सिस्टर उपोषणाला बसले होते.

आमच्या दक्षिण गोव्यातल्या कुटबण मासेमारी जेटीवर ट्रॉलरवर राबणारे बरेचसे ओडिशा-झारखंडचे. २०२४मध्ये तिथे कॉलऱ्याची साथ आली. त्यांच्या पाण्या-शौचालयाबद्दल चर्चमधल्या रविवारच्या प्रवचनात चार शब्द यायला काय हरकत आहे? फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या उत्सवाच्या, बैठकांना वेळ मिळतोच की! आमच्या देवस्थान समित्यांनाही हे विचारायचे आहे, पण ते पत्र वेगळे.

— एक वाचक, मडगाव